बुदैयाची बाग : पाहण्याजोगी की नाही?

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे मनामा येथे दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी गेलो होतो. तेथे असताना एका रात्री ठाण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिचा मुलगाही मनाम्यालाच नोकरीस आहे. येत्या हिवाळ्यात ती आपल्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, नातवाचा संसार दाखवायला घेऊन येणार आहे. मावशीचे वय 84. मुक्काम आठच दिवसांचा. गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही, आणि पुन्हा असा प्रवास घडेलच असे नाही. तेव्हा बहिणीने विचारले, "मनाम्याजवळ बुदैया म्हणून गाव आहे, तेथे वनस्पती उद्यान आहे म्हणतात. तू पाहिले असशील. आईला तेथे नेण्यात अर्थ आहे का? की उगाच दगदग?"

मी दोनच दिवसांपूर्वी ते उद्यान पाहून आलो होतो. ताबडतोब सांगून टाकले, "नेऊ नकोस. त्यापेक्षा समुद्रावर बसव."

हे उत्तर मी घाईने दिले होते. पुढे महिनाभरात ते मला मागे घ्यावे लागले. ते का दिले आणि का मागे घेतले, हे सविस्तर लिहावे असे वाटले, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज आखाती देशांत आहेत आणि आईवडिलांना तेथे नेल्यावर "आता यांना दाखवावे काय?" हा प्रश्न घरोघरी पडतो. मुले बिचारी हौसेने मोठमोठ्या मॉलमध्ये नेतात. आपण दोन तास काचेची दुकाने पाहतो, एका बाकावर बसून कॉफी पितो आणि घरी येऊन पाय चेपून घेतो.

मावशीविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. तिचे सारे आयुष्य अलिबागजवळ नवगावच्या वाडीत गेले. नारळ, पोफळी, दोन रायवळ आंबे, विहिरीवर रहाट आणि रहाटाखाली पाटाचे पाणी. मुलेबाळे पांगली, वाडी करणारे कोणी उरले नाही, अखेर ती विकावी लागली. त्यानंतर मावशी ठाण्याला लेकीकडे राहायला आली. तेथे घराजवळ नगरपालिकेची चांगली बाग आहे, परंतु मावशी तेथे एकदाही गेली नाही. "दुसऱ्याची झाडे बघून काय करू?" एवढेच म्हणते. अशा बाईला परदेशात नेऊन एखादी सुमार बाग दाखवणे म्हणजे तिच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणे. तेव्हा माझ्या "नेऊ नकोस" मध्ये केवळ आळस नव्हता, काळजीही होती. मात्र बाग जोखण्याचे माझे माप चुकले होते.

वनस्पती उद्यान म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे शिबपूर येते. कलकत्त्याला हुगळीच्या काठी ईस्ट इंडिया कंपनीने 1787 साली ते उद्यान काढले. क्षेत्र 273 एकर, आणि त्यातला तो प्रचंड वड, जो एकटाच एखाद्या राईसारखा पसरला आहे. बंगळूरचा लालबाग 240 एकरांचा. लंडनचे क्यू तर तीनशे एकरांहून मोठे. अशा ठिकाणी देशोदेशींची झाडे आणून लावतात, त्यांची शास्त्रीय नावे पक्की करतात, कोणते झाड कोठे रुजेल याचा अभ्यास करतात. चहा, सिंकोना, रबर यांचे मळे जगभर पसरले त्यांत अशा उद्यानांचा मोठा वाटा आहे. या तराजूत बुदैयाचे उद्यान घातले तर ते फारच हलके भरते. ते विस्ताराने लहान आहे. शिबपूरसारखा वृक्षसंग्रह किंवा क्यूसारखी काचघरे पाहण्याच्या इराद्याने जो जाईल तो निराश होऊन परतेल, हे मी आजही म्हणतो. खजुरीच्या रांगा, थोडी हिरवळ, चालायला वाटा, बसायला सावली. कोकणातून आलेल्या माणसाने पहिल्या दर्शनात "एवढेच?" म्हणावे यात त्याचा दोष नाही.

ज्यांना मोठेच काही पाहायचे आहे त्यांच्यासाठी बेटाच्या दक्षिणेकडे सखीर भागात अल अरीन हे 1976 साली स्थापन झालेले राखीव क्षेत्र आहे. तेथे अरबी ओरिक्स, म्हणजे लांब सरळ शिंगांचे पांढरे हरिण, आणि वाळवंटातली इतर जनावरे राखली आहेत. नातवंडे बरोबर असतील तर तेथे अवश्य जावे. परंतु तो प्राण्यांचा मुलूख. झाडांसाठी विचारणाऱ्याला ते उत्तर नव्हे.

माझे मत फिरले ते एका पिशवीमुळे. मुलाच्या शेजारी कोल्हापूरकडचे एक कुटुंब राहते. त्या बाई एका रविवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. हिवाळ्यात बुदैयाच्या त्या उद्यानातच दर शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. बहरीनचे शेतकरी आपल्या मळ्यांतला माल स्वतः आणून विकतात. तेथे 2006 सालापासून शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुटी असल्याने शनिवार त्यांना सोयीचा. आमची मात्र पंचाईत! कोकणात आपल्या वाडवडिलांना ज्या दिवसाच्या विश्रांतीमुळे 'शनवार तेली' हे नाव पडले, नेमका तोच दिवस बाजाराचा. सबब आम्ही काही गेलो नव्हतो. शेजारीणबाईंनी ते ध्यानात ठेवून आमच्यासाठी थोडे थोडे आणले होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पिशवी रिकामी केली. लालबुंद टोमॅटो, पाल्यासकट मुळे, कोथिंबीर. मग एक हिरवी जुडी निघाली. तिचा वास आला मात्र, माझी पत्नी पुढे होऊन म्हणाली, "अग बाई, हा तर सब्जा!" तिकडे त्याला मशमूम म्हणतात. बहरीनच्या बायका मोगऱ्याबरोबर तो केसांत माळत आल्या आहेत. मोगऱ्याला तेथे राजजी म्हणतात. मलिद्याच्या वेळी जी पाने आपण हातोहात फिरवून हुंगतो, तीच ही पाने. त्यानंतर एक जाड सालीचे खडबडीत पिवळे फळ निघाले. त्याचे नाव तुरुंज. आपल्या मराठीत महाळुंग, आणि सुक्कोथला आपण हातात धरतो त्या एथ्रोगचे हे जवळचे भाऊबंद. नावातसुद्धा नाते ऐकू येते. शेवटी कागदाच्या पुडीत मूठभर बोरे होती. त्यांना कनार म्हणतात, झाडाला सिद्र. आपल्या बोरीची ही थोरली बहीण.

"आणि आंब्याला काय म्हणतात ठाऊक आहे का?" शेजारीणबाई म्हणाल्या, "हंबा!" हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गलबतांनी फळ नेले ते नावासकट नेले. बगदादी मंडळींनी इस्रायलपर्यंत पोचवलेले 'अंबा' लोणचे आपल्या वाचकांना माहीत आहेच. हा त्याच घराण्यातला शब्द. ज्या बेटावर 1965 सालापर्यंत व्यवहारात रुपया चालत होता, तेथे आंब्याने आपले नाव टिकवावे यात नवल नाही.

त्या संध्याकाळी मला जरा लाजल्यासारखे झाले. दोन तास मी त्या उद्यानात हिंडलो होतो, आणि मोजले काय, तर एकर! चार दिवसांनी, शनिवार टाळून, शेजारीणबाईंना बरोबर घेऊन मी पुन्हा गेलो. झाडे तीच होती. ज्या रुंद पानांच्या, मजल्या-मजल्यांनी वाढणाऱ्या झाडावरून पहिल्या खेपेस माझी नजर सहज निसटली होती, तो आपला देशी बदाम निघाला. मुंबईच्या किती शाळांच्या आवारात तो आहे! लहानपणी मधल्या सुटीत त्याची फळे दगडाने फोडून आतली गिरी खाल्ली नाही असा आपल्यात कोण आहे? बहरीनमध्ये त्याला लोझ म्हणतात आणि त्याची फळे उन्हाळ्यात आवडीने खातात. चिंचेला तेथे सब्बार म्हणतात. वाटेतल्या खजुरींकडे पाहताना ध्यानात आले की आपल्या मलिद्याच्या ताटातला खजूर याच किनाऱ्यांवरून कोकणात उतरत आला आहे.

परंतु केवळ ओळखीची झाडे भेटली म्हणून बाग चांगली ठरवणे हे भाबडेपणाचे होईल. ती झाडे आपल्या अंगणातही आहेत, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडावा? या उद्यानाचे खरे मोल मला कळले ते पाण्याचा विचार करू लागल्यावर.

मुंबईला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बहरीनला शंभरही पडत नाही. तरीही या बेटाला पूर्वापार 'दहा लाख खजुरींचा देश' म्हणत. हे कसे? तर पाऊस नसला तरी पोटात पाणी होते. अरबस्तानाच्या मुख्य भूमीखालून खडकांतल्या थरांतून गोडे पाणी येई आणि बेटाच्या उत्तर भागात झऱ्यांनी वर फुटे. एवढेच नव्हे, तर उथळ समुद्राच्या तळाशीही गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे खाली बुडी मारून कातडी पिशव्यांत ते भरून आणीत. खाली गोडे आणि वर खारे. 'बहरीन' या शब्दाचा अर्थच दोन समुद्र असा आहे. सुमेरच्या प्राचीन कथांत दिलमून नावाची पवित्र भूमी येते. देवाच्या आज्ञेने तेथे जमिनीतून गोडे पाणी उफाळले आणि बागा फुलल्या. ते दिलमून म्हणजे हेच बेट, असे विद्वान मानतात. एदेनच्या बागेचे मूळही काहींनी येथेच शोधले आहे. तो वाद आपण विद्वानांवर सोडू. परंतु बुदैयाच्या रस्त्यानेच बारबार गावाकडे जाता येते, आणि तेथे डेन्मार्कच्या संशोधकांनी 1954 सालापासून उत्खनन करून काढलेले चार हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे मंदिर आहे. त्याच्या चिरेबंदी पायऱ्या उतरत जातात त्या एका पाण्याच्या कुंडाकडे. पाणी हेच तेथले दैवत असावे असे वाटते.

पुढे काय झाले? मनाम्याच्या नैऋत्येला अधारी नावाचा फार मोठा झरा होता. पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे पोहायला जात. त्याच्यावरून अरबीत एक म्हण पडली आहे : अधारीचा झरा लांबच्याला पाजतो आणि जवळच्याला तहानलेला ठेवतो. पाटाचे पाणी दूरच्या बागांना जाई आणि काठची शेते कोरडी राहत. आपण दिव्याखाली अंधार म्हणतो तसेच. गेल्या शतकात कूपनलिका आल्या. फ्रँक होम्स नावाच्या न्यूझीलंडच्या गृहस्थाने शेखसाहेबांसाठी पाण्याच्या विहिरी खणून दिल्या, आणि त्या यशाच्या जोरावर 1925 साली त्याला तेल शोधण्याची सवलत मिळाली. 1932 साली तेल लागले. तेलाने वैभव आणले, वस्ती वाढली, पंप वाढले, उपसा वाढला. जमिनीतले गोडे पाणी खाली गेले आणि त्याच्या जागी खारे शिरले. झरे एकामागून एक आटले. अधारीचा नैसर्गिक ओघही थांबला आणि आज त्या जागी खेळण्यापाळण्यांचे उद्यान आहे. म्हणीतला लांबचा आणि जवळचा दोघेही आता सारखेच! पिण्याचे पाणी समुद्राचे खारेपण काढून करतात आणि शहरातल्या हिरवळीला बऱ्याच अंशी शुद्ध केलेले सांडपाणी देतात.

बुदैयाचा रस्ता जातो तो याच जुन्या बागाईत पट्ट्यातून. आज दुतर्फा बंगले, दुकाने आणि मोटारी. मधूनच एखाद्या भिंतीआड वाळलेली खजुरी दिसते, शेंडा गळालेली, नुसता खांब उरलेली. हे पाहत पाहत उद्यानाच्या फाटकाशी पोचलो म्हणजे आतल्या साध्यासुध्या हिरवळीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ज्या पट्ट्यात एके काळी सगळेच उद्यान होते, त्यात मुद्दाम कुंपण घालून राखलेला हा एक तुकडा आहे. आणि त्याच तुकड्यात शनिवारी उरलेसुरले शेतकरी येऊन बसतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपला माल नेऊन विकायला सावलीची जागा आहे, घेणारे लोक हौसेने येतात, एवढ्या भरवशावर तरी एखादा मळा विकायचा थांबेल. नवगावच्या वाडीला असे काही लाभले असते तर?

आपल्या राणीच्या बागेचे उदाहरण घेऊ. भायखळ्याचे ते उद्यान, आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, 1862 साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुले झाले. क्षेत्र 53 एकर, झाडे तीन हजारांच्या वर. डेव्हिड ससून यांच्या देणगीतला घड्याळाचा मनोरा तेथे उभा असल्याने आपल्या समाजालाही ती बाग परकी नाही. लहानपणी आम्ही कितीदा गेलो! परंतु हत्ती, पाणघोडा आणि माकडे पाहिली. गोरखचिंचेचा तो पिंपासारखा बुंधा किंवा उर्वशीची लोंबती फुले कोणी दाखवली नाहीत, आम्हीही विचारले नाही. 2016 साली पेंग्विन आले तेव्हा पुन्हा सारी मुंबई पेंग्विन पाहायला लोटली. म्हणजे खरीखुरी मोठी वनस्पती-बाग घराजवळ असून आम्ही ती पाहिलीच नाही, आणि परदेशातल्या लहान बागेला "एवढेच?" म्हणून नाक मुरडले! मागे एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या उद्यानात मी अर्धा दिवस फिरलो. एकर भरपूर होते, पण निम्म्या झाडांवर पाटी नव्हती आणि माळ्याला विचारावे तर तो म्हणाला, "झाड आहे, साहेब." तेव्हा नुसत्या मोठेपणाने बाग पाहण्याजोगी होत नाही. तेथल्या झाडांची नावे कोणी तरी सांगणारे हवे आणि ती कोणाच्या पाण्यावर जगली हे विचारण्याची आपल्याला इच्छा हवी.

आता आणखी एका जागेविषयी, कारण बुदैयाला जोड म्हणून मी तीच सुचवतो. बेटाच्या दक्षिण भागात, जबल दुखान या टेकडीपासून जवळ, उघड्या वाळूत एक झाड एकटे उभे आहे. त्याला शजरत-अल-हयात, जीवनाचे झाड, म्हणतात. आपल्या उमरखाडीच्या प्रार्थनालयाचे 'एत्झ हाईम' हे नाव हाच अर्थ सांगते. उंची सुमारे पावणेदहा मीटर, वय चारशे वर्षांहून अधिक मानतात. आसपास पाण्याचा मागमूस नाही. मुळे फार खोल गेली असावीत असे म्हणतात. 2010 साली तेथे जवळच उत्खननात जुनी भांडी सापडली, म्हणजे कधीकाळी वस्तीही होती. आणि हे झाड कोणते? तर शमी! ज्या शमीवर पांडवांनी शस्त्रे लपवल्याची कथा आपण शाळेत शेजारच्या मुलांबरोबर ऐकली, तीच. मनाम्याहून मोटारीने जाऊन येण्यास अर्धा दिवस लागतो. त्याच टेकडीच्या परिसरात 1932 सालची ती पहिली तेलविहीर आहे. एकाच फेरीत दोन्ही पाहावीत. त्या भूमीच्या पोटातून काय काय निघाले आणि काय आटले याचा हिशेब आपोआप मनात मांडला जातो.

तर निकाल काय? माझे स्पष्ट मत असे. मोठे, शास्त्रीय, दिवसभर पुरेल असे उद्यान पाहायचे असेल तर बुदैयाला जाऊ नये. त्यासाठी कलकत्ता, बंगळूर आहे, आणि सर्वांत आधी भायखळा आहे. उन्हाळ्यात तर मुळीच जाऊ नये. परंतु डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान मनाम्यात असाल, बरोबर झाडांची माया असलेले वडील माणूस असेल आणि तेथली नावे जाणणारे कोणी सोबत मिळत असेल, तर दोन तास अवश्य काढावेत. सकाळी लवकर निघावे, पाणी आणि टोपी न्यावी, परतताना बारबारचे मंदिर पाहावे. शब्बाथ पाळणाऱ्यांनी बाजाराचा मोह सोडावा आणि आधल्या दिवशी फोन करून उद्यानाची वेळ विचारून घ्यावी. बाजारातला माल शेजारधर्माने घरी पोचतो, हा माझा अनुभव आहे.

मनामा सोडण्यापूर्वी मी बहिणीला फोन करून सांगितले, "माझे आधीचे बोलणे विसर. मावशीला ने. पण एकरांची गोष्ट काढू नकोस. तिला बोरीखाली बसव आणि झाडाला कनार म्हणतात एवढे सांग."

मावशी शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेतला आणि विचारले, "तिथे पाणी कुठून येते रे?"

मी म्हणालो, "मावशी, ती फार लांबची गोष्ट आहे."

"मग आल्यावर सांग," ती म्हणाली. ठाण्याच्या बागेविषयी तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.